स्वसंरक्षणासाठी कराटे वर्गाची निवड

स्वसंरक्षणासाठी कराटे वर्गाची निवड म्हणजे शारीरिक हल्ल्यापासून स्वतःचा बचाव करण्याचे कौशल्य मिळवण्याच्या हेतूने कराटेचा स्थानिक प्रशिक्षणवर्ग पारखून घेणे होय. कराटे या एकाच नावाखाली आज साधारणपणे तीन वेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. नियमबद्ध स्पर्धात्मक खेळ ही पहिली, शरीराला व मनाला वळण लावणारी पारंपरिक साधना ही दुसरी आणि प्रत्यक्ष हल्ल्यात उपयोगी पडणारे स्वसंरक्षण ही तिसरी. तिन्हींतील मूलभूत हालचाली समान असल्या तरी सरावाची पद्धत आणि यशाची कसोटी वेगळी असते. त्यामुळे स्पर्धेसाठी उत्तम असलेला वर्ग स्वसंरक्षणासाठी अपुरा ठरू शकतो. प्रस्तुत लेखात या निवडीचे निकष, त्यामागील कारणे आणि संबंधित कायदेशीर तरतुदी यांची माहिती दिली असून उदाहरणासाठी पुणे शहराच्या दक्षिणेकडील कात्रज परिसर घेतला आहे.

## पार्श्वभूमी

कराटेचा उगम ओकिनावा बेटावर, म्हणजे पूर्वीच्या र्‍युक्यू राज्यात झाला. स्थानिक मुष्टियुद्ध आणि चिनी युद्धकला यांच्या संयोगातून ही कला घडली. आन्को इतोसू (१८३१–१९१५) यांनी १९०१ पासून ओकिनावातील शाळांमध्ये तिचा समावेश करण्यासाठी प्रयत्न केले आणि विद्यार्थ्यांसाठी ‘पिनान’ या सोप्या काता रचल्या. १९०८ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्रात त्यांनी या कलेची दहा सूत्रे मांडली. ही कला एखाद्या प्रतिस्पर्ध्याशी बरोबरीचा सामना खेळण्यासाठी नसून गुंडाशी अचानक गाठ पडल्यास इजा टाळण्यासाठी आहे, असा त्यातील एका सूत्राचा आशय आहे. स्वसंरक्षणाचा हेतू कराटेच्या मुळाशीच होता, हे यावरून दिसते.

गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये जपानच्या मुख्य भूमीवर कराटेची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे विद्यापीठांमधून कराटेचा प्रसार झाला आणि मोठ्या गटाला एकाच वेळी शिकवता येईल अशी कवायतीसारखी पद्धत रूढ झाली. रंगीत पट्टे आणि ‘क्यू’ व ‘दान’ या श्रेणी ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्या पद्धतीवरून कराटेत आल्या. शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू आणि वादो-र्‍यू या चार प्रमुख शैली मानल्या जातात. मासुतात्सू ओयामा यांनी स्थापन केलेली क्योकुशिन ही शैली प्रत्यक्ष आघाताच्या लढतींसाठी ओळखली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कराटेचे स्पर्धात्मक रूप वाढत गेले. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो २०२० ऑलिंपिकमध्ये कराटेचा काता आणि कुमिते या दोन प्रकारांत समावेश होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो नव्हता. भारतातील बहुसंख्य वर्गांचा अभ्यासक्रम मूलभूत हालचाली (किहोन), काता आणि लढत (कुमिते) या तीन अंगांवर बेतलेला असतो. त्यातील कोणत्या अंगाला किती वेळ दिला जातो, यावरून वर्गाचा कल ओळखता येतो.

## कात्रज परिसर

कात्रज हे पुणे–सातारा रस्त्यावर, स्वारगेटपासून सुमारे ६ किलोमीटर अंतरावर असलेले पुण्याचे दक्षिणेकडील उपनगर आहे. पूर्वी हे घाटाच्या पायथ्याचे गाव होते. आज येथे कात्रज तलाव, राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, कात्रज डेअरी आणि पीएमपीएमएलचे बस आगार आहे. जवळच धनकवडीत भारती विद्यापीठाचा मोठा शैक्षणिक परिसर आहे. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द ही शेजारची गावे २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली आणि या पट्ट्यात गृहनिर्माण संस्थांची संख्या वाढली.

वर्गाची निवड करताना या परिसराची घडण लक्षात घ्यावी लागते. येथील रहिवाशांमध्ये वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी, पाळीत काम करणारे नोकरदार, लवकर पहाटे किंवा रात्री उशिरा सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ये-जा करणारे प्रवासी आणि शाळकरी मुलांची कुटुंबे यांचा मोठा वाटा आहे. या प्रत्येक गटाला भेडसावणारे धोके वेगळे असतात. पहाटे बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थिनीची गरज आणि सोसायटीच्या आवारात खेळणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाची गरज एकाच अभ्यासक्रमाने भागत नाही.

अशा उपनगरांत कराटेचे वर्ग साधारणपणे शाळांच्या सभागृहात शाळा सुटल्यानंतर, गृहनिर्माण संस्थांच्या क्लब हाऊसमध्ये, उद्यानांत, मोकळ्या मैदानांवर किंवा खासगी व्यायामशाळांमध्ये भरतात. जागेवरून वर्गाचा दर्जा ठरत नाही. मात्र फरशीवर किंवा डांबरी आवारात भरणाऱ्या वर्गात पडण्याचा आणि पकडीतून सुटण्याचा सराव सुरक्षितपणे करता येत नाही, त्यामुळे तो बहुधा वगळला जातो.

## खेळ, साधना आणि स्वसंरक्षण यांतील फरक

स्पर्धात्मक कुमितेमध्ये दोन खेळाडू समान वजनगटाचे असतात, सामन्याची वेळ ठरलेली असते, पंच उपस्थित असतात आणि आघात नियंत्रित ठेवावा लागतो. गुण मिळाला की लढत क्षणभर थांबते. या खेळामुळे चपळाई, अंतराचे भान, तंदुरुस्ती आणि दडपणाखाली स्थिर राहण्याची सवय लागते. हे गुण स्वसंरक्षणातही उपयोगी आहेत. परंतु खेळाच्या नियमांमुळे काही सवयी उलट घातकही ठरू शकतात. उदाहरणार्थ, एक आघात करून मागे सरणे, हात खाली सोडणे, फक्त समोरच्या एकाच व्यक्तीकडे लक्ष ठेवणे किंवा पंचाच्या इशाऱ्याची वाट पाहणे.

पारंपरिक साधनेत काता, शिस्त, शरीरस्थिती आणि आचारसंहिता यांना महत्त्व असते. कातांमधील अनेक हालचालींचा अर्थ जवळून केलेल्या पकडी, झटापट आणि सुटका यांच्याशी जोडता येतो. या अर्थाच्या विश्लेषणाला ‘बुनकाई’ म्हणतात. केवळ काता पाठ करून घेणारा वर्ग आणि त्याच कातेतील हालचाली प्रतिकार करणाऱ्या जोडीदारावर करून पाहायला लावणारा वर्ग, यांत मोठे अंतर आहे.

स्वसंरक्षणात यशाची कसोटी निराळी असते. समोरच्याला हरवणे हे तेथे उद्दिष्ट नसते. धोका वेळीच ओळखणे, शक्य असल्यास तो टाळणे, टळला नाही तर सुटून सुरक्षित जागी पोहोचणे आणि नंतर मदत व कायद्याचे साहाय्य मिळवणे, असा हा क्रम आहे. ‘कराटेत पहिला प्रहार नसतो’ हे फुनाकोशींच्या शिकवणीतील प्रसिद्ध सूत्र या दृष्टिकोनाशी जुळणारे आहे.

## प्रत्यक्ष हल्ल्याचे स्वरूप

वर्गाची पारख करण्यापूर्वी प्रत्यक्ष हल्ले कसे होतात, हे समजून घेणे आवश्यक असते. चित्रपटांमुळे अनोळखी गुंड समोरून चाल करून येतो अशी प्रतिमा रूढ झाली आहे. पुण्यातील दोन बहुचर्चित घटना ही प्रतिमा अपुरी असल्याचे दाखवतात.

२७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणाने ओळखीच्या तरुणीवर कोयत्याने हल्ला केला. आसपासच्या तरुणांनी पुढे होऊन हल्लेखोराला रोखल्यामुळे तिचे प्राण वाचले. या प्रसंगात हल्लेखोर ओळखीचा होता, त्याच्या हाती शस्त्र होते आणि निर्णायक ठरली ती इतरांची मदत.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे स्वारगेट एसटी आगारात उभ्या असलेल्या एका बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला. तक्रारीनुसार आरोपीने तिच्याशी गोड बोलून, तिची बस दुसरीकडे लागल्याचे सांगून तिला रिकाम्या बसकडे नेले. येथे सुरुवात बळाने झाली नव्हती. दिशाभूल करून झाली होती.

गुन्ह्याची जबाबदारी सर्वस्वी गुन्हेगाराची असते आणि पीडित व्यक्तीने काय करायला हवे होते, हा प्रश्न विचारणे अनुचित आहे. तथापि प्रशिक्षणाच्या दृष्टीने अशा घटनांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. हल्ला अनेकदा बोलण्यातून सुरू होतो, तो अगदी जवळून होतो, तो ओळखीच्या माणसाकडून होऊ शकतो आणि त्यात शस्त्र असू शकते. ज्या वर्गात केवळ हातभर अंतरावरून येणारा एक सरळ ठोसा अडवायला शिकवतात, तेथे यांपैकी कशाचीही तयारी होत नाही.

भीतीच्या क्षणी शरीरात होणारे बदलही विचारात घ्यावे लागतात. हृदयाचे ठोके वाढतात, नजर एकाच ठिकाणी खिळते, बोटांच्या नाजूक हालचाली जमेनाशा होतात आणि काही जण जागच्या जागी थिजतात. त्यामुळे मनगटाच्या विशिष्ट बिंदूवर अंगठा दाबण्यासारखी बारीक कौशल्ये ऐनवेळी दगा देतात. तळहाताचा प्रहार, कोपर, गुडघा, ढकलणे आणि पळणे यांसारख्या ढोबळ हालचाली तुलनेने टिकून राहतात.

## निवडीचे निकष

### सरावाची पद्धत

सर्वांत महत्त्वाचा निकष म्हणजे वर्गात प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर सराव होतो की नाही. पुण्याच्या तालमींची परंपरा ठाऊक असलेल्या वाचकाला हा मुद्दा सहज कळेल. कुस्तीत मल्ल रोज आखाड्याच्या लाल मातीत खऱ्या झोंबाझोंबीचा सराव करतो. जो डाव समोरच्याने साथ दिली तरच लागतो, तो तेथे दोन दिवसांत उघडा पडतो. कराटेच्या वर्गात मात्र हवेत ठोसे मारणे आणि आधी ठरलेल्या क्रमाने आक्रमण-बचाव करणे इतकाच सराव असेल, तर चुकीचे तंत्रही वर्षानुवर्षे टिकून राहू शकते.

चांगल्या वर्गात तंत्र आधी सावकाश शिकवले जाते, मग जोडीदाराचा प्रतिकार हळूहळू वाढवला जातो आणि शेवटी पुढची चाल आधी न सांगता सराव घेतला जातो. पॅडवर पूर्ण ताकदीने प्रहार करण्याची संधी प्रत्येकाला मिळते. केस धरणे, गळा दाबणे, मागून मिठी मारणे, भिंतीला रेटणे, जमिनीवर पाडणे या नेहमीच्या प्रकारांवर वेळ दिला जातो. अरुंद जिना, उभ्या वाहनांमधली जागा, अंधार, पाठीवरची बॅग, साडी किंवा ओढणी अशा वास्तव परिस्थितीचा विचार केला जातो.

### अभ्यासक्रम

स्वसंरक्षणाला वाहिलेल्या अभ्यासक्रमात पुढील घटक अपेक्षित असतात:

* धोक्याची चिन्हे ओळखणे आणि सुटकेचा मार्ग आधीच हेरून ठेवणे
* ठाम आवाजात नकार देणे, अंतर राखणे आणि वाद शमवणे
* मोजकी, ढोबळ आणि वारंवार घोटलेली तंत्रे
* पकडीतून सुटका आणि जमिनीवरून उठून उभे राहणे
* एकापेक्षा अधिक हल्लेखोर असल्यास बाहेर पडण्याचा मार्ग काढणे
* शस्त्राविषयी वास्तव माहिती
* प्रथमोपचार, मदत मागणे आणि तक्रार नोंदवणे
* खासगी बचावाच्या हक्काची कायदेशीर मर्यादा

शस्त्राबाबतची शिकवण हा वर्गाच्या प्रामाणिकपणाचा चांगला निर्देशक आहे. चाकू किंवा कोयता हाती असलेल्या माणसाला नुसत्या हातांनी निःशस्त्र करणे अनुभवी व्यक्तीलाही अतिशय धोक्याचे असते. जबाबदार प्रशिक्षक हे स्पष्ट सांगतो. तो आधी पळून जाण्यावर, मध्ये गाडी, टेबल किंवा खांब येईल असे उभे राहण्यावर आणि दप्तर, छत्री किंवा दुचाकीचे हेल्मेट ढालीसारखे वापरण्यावर भर देतो. रबरी चाकू घेऊन संथपणे एकच वार करणाऱ्या जोडीदाराला दर वेळी नमवून दाखवणारे प्रात्यक्षिक प्रेक्षणीय असते, पण त्यातून खोटा आत्मविश्वास निर्माण होतो.

### प्रशिक्षक

काळा पट्टा ही शासकीय पदवी नाही. ती संबंधित संघटना आपल्या नियमांनुसार देते आणि संघटनांचे निकष सारखे नसतात. म्हणून ‘कितव्या दानचा ब्लॅक बेल्ट’ यापेक्षा पुढील प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात: प्रशिक्षक कोणाकडे व किती वर्षे शिकले, आजही ते कोणाकडून शिकतात का, कुस्ती, ज्यूदो किंवा मुष्टियुद्धासारख्या दुसऱ्या प्रकाराचा त्यांना अनुभव आहे का, त्यांना प्रथमोपचार येतो का, ‘हे मला माहीत नाही’ असे ते म्हणू शकतात का.

प्रश्न विचारल्यावर प्रशिक्षक चिडत असतील, इतर वर्गांना सतत नावे ठेवत असतील, दुसरीकडे शिकण्यास मनाई करत असतील किंवा स्पर्शाविना माणूस पाडण्यासारखे दावे करत असतील, तर तो वर्ग टाळावा. ‘सात दिवसांत स्वसंरक्षण’ ही जाहिरातही याच प्रकारातली आहे. अल्पकालीन शिबिरातून सतर्कता आणि काही मूलभूत तंत्रे कळू शकतात. सरावाने अंगवळणी पडणारे कौशल्य मात्र इतक्या वेळात येत नाही.

### सुरक्षितता

वास्तव सराव म्हणजे बेपर्वाई नव्हे. मॅट, दातांचे संरक्षक, हातमोजे व पॅड यांची सोय, सुरुवातीचा वॉर्म-अप, वजन व वयानुसार जोड्या लावणे, थांबण्याचा सर्वमान्य इशारा आणि डोक्याला मार लागल्यास त्या दिवशीचा सराव बंद करण्याचा नियम या गोष्टी पाहाव्यात. शिक्षा म्हणून मारणे, नवख्याला मुद्दाम जोरात ठोकणे किंवा पाणी पिऊ न देणे याला कडक शिस्त म्हणता येत नाही. असे प्रकार दिसल्यास तो निकृष्ट प्रशिक्षणाचा पुरावा समजावा.

### बेल्ट परीक्षा, प्रमाणपत्रे आणि शुल्क

मासिक शुल्काव्यतिरिक्त प्रवेश, गणवेश, बेल्ट परीक्षा, शिबिर आणि स्पर्धा यांचे शुल्क वेगळे असू शकते. वर्षाचा एकूण खर्च लेखी विचारून घेणे हिताचे असते. हजेरी पुरती नसतानाही प्रत्येकाला ठरावीक महिन्यांनी नवा रंग मिळत असेल आणि कोणीच कधी नापास होत नसेल, तर परीक्षा हे प्रामुख्याने उत्पन्नाचे साधन झाल्याची शक्यता असते.

भारतात कराटेच्या अनेक संघटना असून त्यांच्या मान्यतेविषयी वाद झालेले आहेत. इंडियन ऑलिंपिक असोसिएशनने २०२० मध्ये कराटे असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेची मान्यता काढून घेतली होती. त्यामुळे ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ हे शब्द छापलेल्या प्रमाणपत्राला शासकीय मूल्य असेलच असे नाही. दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी किंवा नोकरीतील खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र चालेल असे सांगितले जात असल्यास त्याची खातरजमा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून करावी. स्वसंरक्षणाच्या हेतूला मात्र या प्रमाणपत्रांचा उपयोग नसतो.

### अंतर आणि वेळ

स्वसंरक्षणाचे कौशल्य नियमित सरावाने टिकते. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा सहज पोहोचता येईल असा बऱ्यापैकी वर्ग हा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नामांकित वर्गापेक्षा अधिक उपयोगी ठरतो. कात्रज चौक आणि कात्रज–कोंढवा रस्त्यावरील वाहतूक कोंडी पाहता संध्याकाळच्या वेळी काही किलोमीटरचे अंतरही मोठे होते. वर्ग सुटल्यानंतरचा परतीचा रस्ता, त्यावरील दिवे आणि बसची सोय हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

## कायदेशीर बाजू

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाच्या हक्काची तरतूद आहे. प्रत्येक व्यक्तीला स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क आहे. कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि शासकीय संरक्षण मिळवण्यास पुरेसा अवधी असेल तेथे हा हक्क मिळत नाही. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण किंवा आम्लहल्ला यांसारख्या गोष्टींची वाजवी भीती असल्यास हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो, असे कलम ३८ सांगते. कलम ४० प्रमाणे धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच तो टिकतो.

सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. हल्ला होत असताना माणसाने आपला प्रतिकार काटेकोर मोजमाप करून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे त्यांपैकी एक तत्त्व आहे. त्याच वेळी हा हक्क बचावाचा आहे, सूड घेण्याचा नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

याचा प्रशिक्षणाशी थेट संबंध येतो. हल्लेखोर पळू लागला किंवा खाली पडून निष्प्रभ झाला, तरीही त्याला मारत राहण्याची सवय लावणारा वर्ग विद्यार्थ्याला कायद्याच्या कचाट्यात ढकलू शकतो. पाडल्यानंतर लाथ मारून ‘शेवट’ करण्याऐवजी अंतर घेऊन निघून जाण्याचा सराव कायदा आणि सुरक्षितता या दोन्ही दृष्टींनी योग्य असतो.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक उपलब्ध आहेत. गुन्हा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. छेडछाड रोखण्यासाठी पुणे पोलिसांची दामिनी पथकेही कार्यरत आहेत.

## मुलांसाठी वर्ग

लहान मुलांना प्रौढ हल्लेखोराचा शारीरिक प्रतिकार करता येईल अशी अपेक्षा ठेवणे अवास्तव आहे. त्यांच्या स्वसंरक्षणात ‘नको’ म्हणणे, आरडाओरडा करणे, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगणे, सुरक्षित व असुरक्षित स्पर्श ओळखणे आणि पळणे यांना पहिले स्थान असते. कराटेमुळे मिळणारे शारीरिक संतुलन, एकाग्रता आणि धिटाई हे याला पूरक लाभ आहेत.

मुलांच्या बाबतीत धोका वर्गाच्या बाहेरच असतो असे नाही. प्रशिक्षक हा अधिकाराच्या आणि विश्वासाच्या स्थानी असतो. म्हणून पालकांना सराव पाहू दिला जातो का, मुलगा किंवा मुलगी प्रशिक्षकाबरोबर एकटी राहणार नाही याची काळजी घेतली जाते का, स्पर्श करून चूक दुरुस्त करण्यापूर्वी सांगितले जाते का, परगावच्या शिबिरात राहण्याची व्यवस्था कशी असते आणि प्रशिक्षकाचे मुलांशी परस्पर खासगी संदेश चालतात का, हे विचारणे पालकांचे कर्तव्य आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. वर्गाचे नाव खराब होईल म्हणून प्रकरण आपसात मिटवणे कायद्याला धरून नाही.

सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या विद्यार्थिनींसाठी समग्र शिक्षा अभियानांतर्गत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण योजना राबवली जाते. खासगी वर्गाचे शुल्क परवडत नसल्यास शाळेत या योजनेची चौकशी करता येते.

## महिलांसाठी प्रशिक्षण आणि संशोधन

स्वसंरक्षण प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, या प्रश्नावर महत्त्वाचा अभ्यास कॅनडात झाला. शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध केला. तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींची दोन गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. एका गटाला १२ तासांचे प्रशिक्षण आणि दुसऱ्याला केवळ माहितीपत्रके देण्यात आली. एका वर्षात बलात्काराचे प्रमाण पहिल्या गटात ५.२ टक्के आणि दुसऱ्या गटात ९.८ टक्के आढळले.

या प्रशिक्षणात शारीरिक तंत्रे हा फक्त एक भाग होता. ओळखीच्या पुरुषाकडून असलेला धोका जोखणे, तो मान्य करण्यात येणारी मनाची अडचण दूर करणे, ठाम शब्दांत व कृतीने विरोध करणे आणि स्वतःच्या इच्छा-मर्यादा स्पष्ट ओळखणे हे त्याचे इतर घटक होते. यावरून निवडीचा एक निकष मिळतो. ज्या वर्गात ‘अनोळखी गुंड’ इतकाच धोका गृहीत धरला जातो, नातेवाईक, मित्र, सहकारी किंवा माजी जोडीदार यांच्याकडून होणाऱ्या त्रासाचा उल्लेखही होत नाही, तो वर्ग महिलांच्या गरजेचा मोठा भाग सोडून देतो. पुरुष जोडीदाराबरोबर सराव करण्याची संधी आणि त्यास नकार देण्याची मोकळीक, या दोन्ही गोष्टी वर्गात असाव्यात.

## प्रत्यक्ष पाहणी

प्रवेश घेण्यापूर्वी किमान दोन-तीन वर्गांना भेट देऊन एकेक पूर्ण तास पाहावा आणि शक्य असल्यास चाचणी म्हणून एक दिवस सराव करावा. पाहणीच्या वेळी पुढील बाबी टिपून ठेवता येतात:

* एका तासात जोडीदाराबरोबर आणि पॅडवर मिळून किती मिनिटे सराव झाला
* जोडीदार खरोखर प्रतिकार करत होता, की आपणहून पडत होता
* प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी होते आणि नवख्याकडे कोणी लक्ष दिले का
* ‘येथून पळून जाणेच योग्य’ असे प्रशिक्षक कधी म्हणाले का
* मुली, प्रौढ आणि कमी ताकदीचे विद्यार्थी किती काळ टिकून आहेत
* दुखापत झाल्यास काय केले जाते
* अर्ध्यावर सोडल्यास शुल्क परत मिळते का

जुन्या विद्यार्थ्यांशी, विशेषतः वर्ग सोडून गेलेल्यांशी बोलल्यास जाहिरातीत न आलेली माहिती मिळते. परिसरात चांगला कराटे वर्ग न आढळल्यास ज्यूदो, मुष्टियुद्ध किंवा कुस्ती यांचा वर्ग आणि त्याच्या जोडीला स्वसंरक्षणाचे अल्पकालीन शिबिर हा पर्याय विचारात घेता येतो. शैलीच्या नावापेक्षा सरावाची पद्धत अधिक महत्त्वाची असते.

## मर्यादा

कोणतेही प्रशिक्षण सुरक्षिततेची हमी देत नाही. वजन, वय, संख्या, शस्त्र आणि अनपेक्षितता यांमुळे निष्णात व्यक्तीही हतबल होऊ शकते. प्रतिकार करता आला नाही म्हणून पीडित व्यक्तीला दोष देता येत नाही. थिजून जाणे ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. रस्त्यांवरील दिवे, वेळेवर धावणाऱ्या बस, तत्पर पोलीस आणि मदतीला धावणारे शेजारी यांना वैयक्तिक प्रशिक्षण हा पर्याय ठरू शकत नाही. या सर्वांच्या जोडीला योग्य वर्गाची निवड केल्यास धोका लवकर ओळखण्याची, ठामपणे बोलण्याची आणि सुटून जाण्याची शक्यता वाढते. स्वसंरक्षण कराटेकडून वास्तवात इतकीच, परंतु मोलाची अपेक्षा ठेवता येते.

## हेही पाहा

* कराटे
* ज्यूदो
* कुस्ती
* मुष्टियुद्ध
* कात्रज
* भारतीय न्याय संहिता